दोन सिटिंगच्या मधले दिवस

उसण भरली की पूर्वी गावात पायाळू माणूस शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीवरून पाय फिरवला की उसण उतरते, असा समज होता. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजही एखादी आजी हा उपाय सुचवते. गुणही येतो. कारण कंबरेत भरलेली साधी चमक बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण ओसरते, आणि कुणीतरी मायेनं पाठीला स्पर्श केला की आखडलेला स्नायू थोडा सैलही पडतो. श्रेय मात्र पायाला मिळतं.

आता पायाची जागा हातानं घेतली आहे. मोबाइलवर मान मोडण्याचे, कंबर 'कडाड' वाजवण्याचे व्हिडिओ बघून लोक विचारत येतात की आपल्या शहरात ऑस्टिओपॅथीवाला कुठे मिळेल. उपचार नवा असला तरी अपेक्षा जुनीच असते: आपण पालथं पडायचं, समोरच्यानं काय ते करायचं आणि आपण बरं होऊन उठायचं. घोळ इथेच आहे. उपचार चांगला असो वा सुमार, आठवड्याच्या १६८ तासांपैकी तो एक तासही नसतो. उरलेल्या वेळात तीच कंबर पाण्याच्या बादल्या उचलते, वाळूजचा रस्ता धरते, भाकरी थापते. या लेखात बोलायचं आहे ते त्या वेळाबद्दल.

आधी ऑस्टिओपॅथीविषयी थोडक्यात. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरनं १८७४ साली ही पद्धत मांडली. मेंदूज्वरानं स्वतःची मुलं गेल्यावर त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. १८९२ साली मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी त्यानं पहिलं विद्यालय काढलं. हाडं, सांधे, स्नायू यांची हालचाल मोकळी असली की शरीर स्वतःला सावरतं, हा त्याचा गाभ्याचा विचार. पुढे या पद्धतीच्या दोन वाटा झाल्या. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, औषधं लिहितात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटन आणि युरोपात ते मुख्यतः हातांनी उपचार करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानं त्यांची नोंदणी होते. भारतात कटकच्या श्री श्री विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी ती शिकवली जाते. छत्रपती संभाजीनगरात हातांनी सांधे मोकळे करण्याचं काम प्रामुख्यानं फिजिओथेरपिस्ट करतात. एमजीएमचं फिजिओथेरपी महाविद्यालय इथलंच आहे. त्यामुळे दारावरची पाटी कुठलीही असो, शिक्षण कुठलं आणि किती वर्षांचं, हे विचारायला लाजू नका. पुढची सगळी काळजी दोन्ही उपचारांना सारखीच लागू पडते.

सिटिंग झाल्यावर

'कट्' आवाज आला म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला, असं आपण धरून चालतो. मणका असा सरकत नाही आणि बसवलाही जात नाही. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटं मोडताना एमआरआय चित्रण करून हे दाखवलं. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं नाही, आणि घरी येऊन स्वतःच मान मोडून तो आवाज काढण्यात काही हशील नाही. सलूनमध्ये दाढी-कटिंग झाल्यावर मान डावीकडे-उजवीकडे कडकन मोडून घ्यायची सवय तर आजच बंद करा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. झटक्यानं त्यांचं अस्तर फाटणं दुर्मीळ आहे, पण फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो.

हाताच्या उपचारानं होतं ते एवढंच: मज्जासंस्था वेदनेचा आवाज जरा खाली आणते, स्नायूंची पकड ढिली होते आणि काही तास, फार तर काही दिवस हालचाल सोपी वाटते. या सवलतीत माणूस हमखास दोन चुकांपैकी एक करतो. बरं वाटतंय म्हणून माळ्यावरचे डबे काढायला चढतो, किंवा बरं वाटतंय ते टिकावं म्हणून गादीवर पडून राहतो. दोन्ही टाळा. त्या दिवशी जड उचलणं नको, पुण्या-मुंबईचा प्रवास नको, जिम नको. पण घरातल्या घरात आणि गल्लीत दहा-पंधरा मिनिटं दोन-तीनदा चालणं हवंच. एक-दोन दिवस अंग ठणकणं स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवशीही ठणका वाढतच असेल, किंवा हातापायात नवी मुंग्या-बधिरता आली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

'आता भरपूर पाणी प्या, विषारी द्रव्यं निघून जातील' असं काही ठिकाणी सांगतात. पाणी जरूर प्या; आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते प्यायलाच हवं. पण स्नायू दाबल्यानं त्यातून कुठलं विष बाहेर पडत नाही.

पाणी येण्याचा दिवस

कंबरदुखीच्या कुठल्याही परदेशी पुस्तकात न सापडणारं एक कारण आपल्या शहरात आहे. पैठणचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून पाणी येतं, पण अनेक वसाहतींत नळ रोज येत नाही. मध्ये काही दिवसांचा खंड पडतो. मग ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी टिपाड, हंडे, बादल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. पुष्कळदा ही धावपळ भल्या पहाटे असते. माणूस अंथरुणातून उठतो तो थेट वाकून बादली उचलतो.

नेमकी हीच वेळ कंबरेला सर्वांत वाईट. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं जास्त भरते. उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच त्यातली निम्मी उंची परत जाते. त्या तासात चकत्या तट्ट भरलेल्या असतात आणि कंबरेतून वाकलं की त्यांवरचा ताण दिवसभरातल्या इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. अमेरिकेत स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना फक्त सकाळी वाकणं टाळायला शिकवलं, तेवढ्यानंही त्यांच्या दुखण्याच्या दिवसांत घट झाली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त वेळ बदलली.

तेव्हा पाणी पहाटे येत असेल तर त्याआधी अर्धा-पाऊण तास उठा आणि चालत राहा. चहा टाका, अंगणात फेऱ्या मारा. बसून मोबाइल बघणं यात धरू नका. नळाला पाइप लावून थेट टिपाडात पाणी सोडता येत असेल तर बादली मध्ये आणूच नका. पाइपाचे दोन-तीनशे रुपये एका सिटिंगच्या पैशापेक्षा कमीच असतील. बादलीच न्यायची वेळ आली तर एक भरलेली नेण्याऐवजी दोन अर्ध्या घ्या, दोन्ही हातांत एकेक. उचलताना बादली पावलांच्या मधोमध घ्या, गुडघे आणि खुबे वाकवा, आणि वळायचं तर पाय हलवून वळा. बादली हातात धरून कमरेत पीळ देऊन वळणं हेच उसण भरायचं हमखास निमित्त असतं. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. तो उचलून उलटा डिस्पेन्सरवर चढवण्यापेक्षा खाली ठेवून वर छोटा पंप बसवा. हंडा जमिनीवर न ठेवता गुडघ्याएवढ्या उंच स्टँडवर ठेवला तर प्रत्येक तांब्यामागचं वाकणं वाचतं.

आणि एक विनंती घरातल्या पुरुषांना. कंबर दुखतेय म्हणून सिटिंग घेणाऱ्या बाईला 'तू आराम कर' एवढं म्हणून पेपर उघडू नका. पाण्याचा दिवस तुमच्याकडे घ्या. कोणत्या वारी पाणी येणार याचा साधारण अंदाज असतोच, त्या दिवशी सिटिंगची वेळ ठेवू नका; ठेवलीच तर पाणी भरून झाल्यावर ठेवा.

गाडी, लाइन आणि ओटा

शहरातून वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला रोज दुचाकीवर जाणारे हजारो आहेत. खड्डा आणि अचानक समोर येणारा गतिरोधक यांचा धक्का सीटमधून सरळ माकडहाडापर्यंत पोचतो. कंपनीची बस असेल तर दुखणं असेपर्यंतचे काही आठवडे ती पकडा, थांबा लांब असला तरी. तेवढंच चालणं होतं. गाडीच न्यायची तर मागचे शॉकअप तपासून घ्या आणि टायरमध्ये हवा कंपनीनं सांगितलेली तेवढीच ठेवा; दगडासारखी फुगवू नका. गतिरोधकावर वेग पार कमी करून पायटांवर किंचित भार द्या, म्हणजे धक्का गुडघे झेलतील. डबा-लॅपटॉपची सॅक पाठीला न लटकवता सीटवर किंवा पुढे टेकवा. खांदा आणि कान यांच्यात मोबाइल चिमटून बोलत गाडी चालवणाऱ्यांच्या मानेवर जगातला कुठलाच उपचार टिकणार नाही, आणि पोलिसांनी पकडलं तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कारखान्याच्या लाइनवर आठ तास उभं राहणाऱ्यांनी पायाखाली अर्ध्या वितीचा लाकडी ठोकळा मागून घ्यावा. एक पाय त्यावर, दुसरा जमिनीवर, थोड्या वेळानं अदलाबदल. सुपरवायझर मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत, कारण आजारपणाची रजा त्यांनाही नको असते. रात्रपाळी असेल तर झोपेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. अपुऱ्या झोपेत तीच वेदना जास्त जाणवते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा लावून सलग झोप घ्या. त्या आठवड्यात व्यायाम वाढवू नका, आहे तेवढाच ठेवा.

पैठणीच्या किंवा हिमरूच्या मागावर बसणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. खड्ड्यात पाय सोडून पुढे झुकून तासन्‌तास काम. तिथे बसण्याची 'बरोबर' पद्धत शोधत बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी उठणं महत्त्वाचं. उठा, दोन्ही हात कमरेवर ठेवा, सावकाश मागे रेला, पाच-सहा वेळा, आणि पुन्हा बसा. हाच नियम अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसणाऱ्या मुलामुलींनाही.

स्वयंपाकाचा ओटा बहुतेक घरांत गवंड्यानं ठरवलेल्या उंचीचा असतो, रांधणाऱ्या बाईच्या उंचीचा नाही. भाजी चिरायला तो ठीक, पण पीठ मळताना आणि भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून हात कोपरापेक्षा बरेच खाली हवेत. ओटा उंच पडत असेल तर पायाखाली भक्कम, न डुगडुगणारा लाकडी पाट घ्या. परात ओट्याच्या अगदी कडेला ओढा, पोट ओट्याला टेकू द्या. ज्यांना चुलीजवळ मांडी घालून भाकरी करायची सवय आहे आणि तसं बसल्यावर दुखत नाही, त्यांनी केवळ कुणी सांगितलं म्हणून ते सोडू नये. मांडी घालून बसणं वाईट नाही. एकाच स्थितीत फार वेळ बसणं वाईट.

चालणं

मधल्या दिवसांत एकच गोष्ट करायची असेल तर ती चालणं. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचा एक मोठा प्रयोग २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ लोकांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे उद्दिष्ट, सहा महिन्यांत गाठायचं. न चालणाऱ्या गटात दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांत २०८ दिवसांनी. फुकटच्या उपायाला यापेक्षा चांगली शिफारस मिळायची नाही.

सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालते. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. जागेची आपल्याकडे ददात नाही. विद्यापीठाचा परिसर, हिमायतबाग, सिद्धार्थ उद्यान यांपैकी घराजवळचं काहीही. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. पहाटे चालायला हरकत नाही, वर सांगितलेला धोका वाकण्याचा आहे, चालण्याचा नाही. गोगाबाबा टेकडी मात्र सपाटीवर अर्धा तास सहज जमू लागल्यावर. चढणीपेक्षा उतरणीला गुडघे जास्त बोलतात. आणि पाहुणे आले म्हणून दौलताबादचा किल्ला चढायला त्यांच्याबरोबर निघू नका. त्यांना रिक्षा करून द्या, तुम्ही खाली चहा घ्या. वेरूळला गेलात तर कैलास लेण्याच्या अंगणात निवांत फिरा, वरच्या कड्यावरून बघायचा आग्रह पुढच्या खेपेला.

चालण्याला जोड म्हणून तीन हालचाली पुरेत. पहिली: पाठीवर झोपून गुडघे दुमडा, कंबर सावकाश उचला, पाच श्वास थांबा, सावकाश खाली. दुसरी: हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हा, एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करा, पाठ पाटासारखी सपाट, दहा मोजा, बाजू बदला. तिसरी: पाठीवर पडून पोटावर हात ठेवा आणि श्वास घेताना पोट फुगू द्या, सोडताना दुप्पट वेळ घ्या, पाच मिनिटं. शेवटची फारच सोपी दिसते म्हणून लोक ती गाळतात. दुखण्याच्या धास्तीनं पोट-पाठ आवळून धरायची सवय लागलेली असते, ती सुटते ती याच हालचालीनं.

सूर्यनमस्कार? औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवलेला हा व्यायाम सोडायला सांगायचं माझ्या जिवावर येतं, आणि कायमचा सोडायची गरजही नाही. कंबर धरलेली असताना तो पहाटेऐवजी संध्याकाळी करा, हस्तपादासनात गुडघे मोकळेपणानं वाकवा, बाराऐवजी चार घाला. पायात कळ उतरत असेल तर तेवढे दिवस थांबवा.

किती दुखलं तर चालेल, हा नेहमीचा प्रश्न. शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर येतं, ते चालेल. त्याहून जास्त झालं तर व्यायाम निम्मा करा. बंद करू नका.

शेक, पट्टा, फळी

निर्गुडीच्या किंवा रुईच्या पानाला तेल लावून शेकणं, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, सगळं चालतं. गुण पानाचा किती हा वाद बाजूला ठेवू, उबेचा नक्की आहे. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी शेकापूर्वी दुसऱ्या कुणालातरी उष्णता तपासायला सांगावं, नाहीतर कंबर बरी व्हायची आणि भाजल्याचा फोड महिनाभर चिघळायचा.

पट्ट्याबद्दल मी जरा कठोर आहे. मराठवाड्यात कंबरदुखीचं दुसरं नाव पट्टा आहे. लोक वर्षानुवर्षं तो बांधून हिंडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, मसाज, हातांनी मणके हलवण्याचे उपचार यांना जागा आहे. कंबरपट्टा आणि वजनं लावून ताण देणं, म्हणजे ट्रॅक्शन, नित्यनेमानं वापरू नये असं म्हटलं आहे. लांबच्या प्रवासात किंवा लग्नाच्या धावपळीत चार तास पट्टा बांधला तर बिघडत नाही. रोजचा मात्र सोडवा. एकदम नव्हे, रोज तासाभरानं कमी करत.

फळीवर झोपण्याचा सल्लाही जुना झाला. स्पेनमध्ये ३१३ जणांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. आपली कापसाची गादी पिंजून घेतली की जवळपास तशीच होते. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. अंथरुणाला खिळून राहण्याची शिफारस तर १९८६ सालीच मोडीत निघाली होती; अमेरिकेतल्या एका प्रयोगात दोन दिवस पडून राहिलेले आणि सात दिवस पडून राहिलेले सारखेच बरे झाले, फक्त दोन दिवसवाल्यांचा रोजगार कमी बुडाला.

मेडिकलमधून रोज एक गोळी घेऊन सिटिंग पुढे ढकलत राहणं धोक्याचं. वेदनाशामकं पोटाला आणि मूत्रपिंडाला जाचतात, रक्तदाब असेल तर आणखी. आणि कुठल्या गावच्या वैद्याची 'दोन दिवसांत गुण' देणारी पुडी आणली असेल तर ती आपल्या डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार घडलेले आहेत.

एमआरआयच्या अहवालाची भीती हाही एक आजारच झाला आहे. 'डिस्क बल्ज' वाचलं की माणूस वाकायचंच सोडून देतो. काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत असा फुगवटा आढळला. पांढरे केस वयानुसार येतात तसं हे. अहवाल खरा असतो, पण तुमचं दुखणं त्यातूनच येतंय असं ठरत नाही.

ज्यांत थांबू नये अशी लक्षणं

मात्र पुढचं काही दिसलं तर शेक, व्यायाम, सिटिंग सगळं बाजूला ठेवा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं: त्याच तासाला घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. मानेच्या उपचारानंतर चक्कर, बोलण्यात अडखळणं, एकाचे दोन दिसणं, चेहरा वाकडा होणं: तेही तसंच. वय झालेलं माणूस न्हाणीत घसरलं आणि पाठ दुखू लागली तर आधी एक्स-रे, मग हात लावणं.

दोन आजार आपल्याकडे हमखास उशिरा सापडतात. एक मणक्याचा क्षयरोग: पाठदुखीबरोबर संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक आणि वजन कमी. सरकारी दवाखान्यात याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दुसरा, तरुणांचा संधिवात: विशी-तिशीतल्या पोराची कंबर पहाटे आखडलेली, अर्ध्या तासाहून जास्त वेळ मोकळी होत नाही, पडून राहिल्यानं वाढते आणि कामाला लागल्यावर कमी होते. याला संधिवाताच्या डॉक्टरांची गरज असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, गरोदरपण, पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काही असेल तर पहिल्याच सिटिंगला, टेबलावर चढायच्या आधी सांगा. कुणी विचारायची वाट बघू नका.

एक छोटी वही ठेवा, किंवा मोबाइलमध्ये लिहा. रोज दोन ओळी: किती चाललो, रात्री झोप कशी, काय केल्यावर दुखलं. 'फरक वाटतो' किंवा 'तसंच आहे' यापेक्षा 'पाणी भरलं त्या दिवशी संध्याकाळी पायात कळ गेली' हे वाक्य उपचार करणाऱ्याला कितीतरी जास्त सांगतं. चार ते सहा सिटिंगनंतर वहीत काहीच बदल दिसत नसेल, तर उपचार बदलायला हवा किंवा निदान. वीस-तीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी पुढे करणाऱ्यापासून सावध राहा. ज्याच्याकडे तुम्हाला दर महिन्याला कमी वेळा जावं लागतं, तो चांगला.

पुढच्या वेळी जाल तेव्हा कपडे सावरून उठण्यापूर्वी एवढंच विचारा, 'आता पुढच्या वेळेपर्यंत मी घरी काय करू?' उत्तर नीट मिळालं तर पुढची तारीख घ्या. नुसतं 'आराम करा' एवढंच मिळालं, तर पैसे आगाऊ भरू नका.